शिबिरांची वही आणि अडलेली बढती

(पत्र सात पानांचं होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून सारांश देते आहे.)

पत्रलेखिका सातपुड्यातल्या पावरा समाजातल्या. आश्रमशाळेत शिकून एमबीबीएस झाल्या, मग जनऔषधवैद्यकशास्त्रात (कम्युनिटी मेडिसिन) एमडी. सहा वर्षांपासून एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहेत. तिथे आदिवासी शिक्षक त्या एकट्याच. त्यामुळे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीची शिबिरं, ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाचा कार्यक्रम, आदिवासी मुलामुलींच्या स्कॉलरशिपपासून रडण्यापर्यंतच्या अडचणी आणि वॉर्डात बोली न समजणारा पेशंट आला की दुभाषाचं काम, हे सगळं त्यांच्याच वाट्याला येतं. नावावर शोधनिबंध एकच, त्यातही त्यांचं नाव पाचवं. दोन वर्षं मागून लागलेल्या सहकाऱ्याची बढतीची कागदपत्रं तयार झाली. यांनी विषय काढला तेव्हा विभागप्रमुख भर बैठकीत म्हणाले, "तुमची कॅटेगरीची जागा, तुम्हाला कसली घाई?" गावाकडून वडील विचारतात, "आपल्या लोकांसाठी शिकलीस ना, मग तिकडे फळ्यापुढे उभी राहून काय करतेस?" राजीनामा देऊन डोंगरातल्या एखाद्या संस्थेत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं का, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांचं एक वाक्य जसंच्या तसं देते: "कॉलेजात राहिले तर स्वतःसाठी जगल्यासारखं वाटतं, आणि कॉलेजात स्वतःसाठी तर मी काहीच करत नाही."

डॉक्टर,

तुमचं हे शेवटचं वाक्य मी चार दिवस डोक्यात घेऊन फिरते आहे. राजीनाम्याकडे नंतर येते. आधी तुम्ही सहज, ओघात लिहून गेलात त्या प्रसंगाबद्दल बोलायचं आहे.

मेडिसिनच्या वॉर्डात डोंगरातल्या एक आजी दाखल झाल्या. रेसिडेंटने तीनदा विचारलं, कधीपासून दुखतं? मग केसपेपरवर शेरा मारला, "रुग्ण सहकार्य करत नाही." तुम्हाला चालू लेक्चरमधून बोलावलं गेलं. तुम्ही खाटेवर टेकलात, पावरीत दोन शब्द बोललात आणि आजी म्हणाल्या, मोहाची फुलं वेचायच्या दिवसांपासून दुखतंय. त्या पहिल्यापासून हेच सांगत होत्या. तारीख माहीत नसेल, पण मोह कधी गळतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे फाल्गुन-चैत्र. म्हणजे दुखणं पाच महिन्यांचं. अख्खी हिस्टरी त्या एका वाक्यात होती.

पत्रात तुम्ही याला "दुभाषाचं काम" म्हटलं आहे. माझं पहिलं म्हणणं इथेच आहे. हे दुभाषाचं काम नव्हे. पेशंटची हिस्टरी घेणं हा वैद्यकीय शिक्षणाचा गाभा आहे, आणि त्या दिवशी त्या वॉर्डात ते फक्त तुम्हाला जमलं. तुम्ही मात्र ते लेक्चर बुडवून केलेली समाजसेवा म्हणून मनात नोंदवलंत. कॉलेजनेही तसंच नोंदवलं, किंवा मुळात नोंदवलंच नाही. तुमची बढती अडली आहे ती या न झालेल्या नोंदीत.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण मी टेबलाच्या पलीकडे बसलेली होते. बरीच वर्षं विभागप्रमुख होते. आमच्याकडे आदिवासी समाजातला एक तरुण व्याख्याता होता, हुशार आणि मितभाषी. आदिवासी तालुक्यात शिबिर निघालं की मी त्यालाच पाठवायची. "तुझ्याशी लोक मोकळेपणाने बोलतात," असं म्हणायची आणि मनापासून म्हणायची. सहा वर्षांनी तो नोकरी सोडून गेला. त्याचं कपाट उघडलं तर आत चौदा नोंदवह्या, गावनिहाय, वयनिहाय, सुवाच्य अक्षरात. त्यातल्या दोन तक्त्यांवर विभागाचा एक निबंध निघाला होता. त्याचं नाव आभारात होतं. लेखकांत माझं होतं. याची लाज मला आजही वाटते. तुमचं पत्र वाचताना त्या वह्या सारख्या डोळ्यांपुढे येत होत्या.

या प्रकाराला जगात नाव आहे. अमाडो पाडिया या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये त्याला "सांस्कृतिक कर" म्हटलं. संस्थेत एखाद्या समाजाचा एखाददुसराच माणूस असला की त्या समाजाशी संबंधित प्रत्येक समिती, प्रत्येक समारंभ, प्रत्येक अडचण त्याच्याकडे जाते. नाही म्हटलं तर समाजाशी गद्दारी, हो म्हटलं तर स्वतःचं काम मागे. आणि बढतीच्या वेळी या कामाला गुण नसतात. म्हणजे सहा वर्षं तुम्ही आळस केलेला नाही. इतरांना न लागणारा कर तुम्ही एकट्या भरत आलात.

आता कॅटेगरीच्या जागेचं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक कोटी पाच लाखांच्या घरात होती, शंभरात नऊहून थोडी जास्त. राज्याच्या नोकऱ्यांत आरक्षण ७ टक्के. त्यातल्याही किती जागा वर्षानुवर्षं खोट्या दाखल्यांनी अडवल्या, हे आदिवासी घरांना वेगळं सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाला २०१७ मध्ये स्पष्ट करावं लागलं की जमातीचा दावा अवैध ठरला तर नोकरीचं संरक्षण मिळणार नाही. आणि एमडीच्या परीक्षेत कॅटेगरीला पासाची वेगळी रेषा नसते. तुम्ही त्याच बाह्य परीक्षकांपुढे उभ्या राहिलात, त्याच गुणांना पास झालात. आरक्षणाने दार उघडलं. आतलं सगळं तुमचं आहे. "कसली घाई" या प्रश्नाचं उत्तरही साधं आहे: नियमाप्रमाणे बढतीची वेळ आलेली प्रत्येक व्यक्ती घाईत असते, तशीच मीही.

तरीही तुमच्या पत्रात तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत आणि त्यांच्याशी मी सहमत नाही.

पहिली, कॉलेज म्हणजे स्वतःसाठी आणि पाडा म्हणजे लोकांसाठी. वडिलांचा प्रश्न मायेचा आहे, त्यांच्याशी वाद घालू नका. पण हिशेब करून बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तुम्ही दिवसाला साठ पेशंट बघाल आणि ते सोन्यासारखं काम असेल. कॉलेजात दरवर्षी शंभर-दीडशे मुलं तुमच्यासमोर बसतात. उद्या त्यातली निम्मी कुठल्या ना कुठल्या सरकारी दवाखान्यात अशाच एखाद्या आजींसमोर उभी राहणार आहेत. "सहकार्य करत नाही" असं लिहायचं की खाटेवर टेकून पुन्हा विचारायचं, हे त्यांना कोण शिकवणार? आदिवासी फक्त डोंगरातच भेटतात असंही नाही. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये दिलेल्या आदिवासी आरोग्यावरच्या अहवालात एक लक्षणीय बाब आहे: देशातले निम्म्याहून अधिक आदिवासी हे आदिवासीबहुल अशा ८०९ तालुक्यांच्या बाहेर राहतात. त्यातले कित्येक ऊसतोडीला, वीटभट्टीवर, शहरातल्या बांधकामांवर असतात आणि आजारी पडले की तुमच्याच हॉस्पिटलच्या केसपेपरच्या रांगेत येतात.

दुसरी, शोधनिबंध म्हणजे स्वार्थ. तुम्ही लिहिता, "शिबिर सोडून पेपर लिहीत बसायचं हे पटत नाही." शिबिर सोडून लिहा असं कोण म्हणतंय? शिबिरावरच लिहा. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट. तुम्ही तर त्याच्याही आधीपासून रक्त तपासताय. शिबिरात आपण सोल्युबिलिटी टेस्ट करतो. त्यात रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढं कळतं. माणूस वाहक आहे की रुग्ण, ते कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते आणि ती यंत्रं बहुतेक वेळा तालुक्यापासून लांब असतात. मग पहिल्या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी किती जण पक्क्या तपासणीपर्यंत पोहोचले? जे नाही पोहोचले ते का नाही? गाडीभाडं नव्हतं, रोजगार बुडत होता, की निरोपच समजला नाही? एवढा प्रश्न तुमच्या वह्यांतून सुटला तर अभियान कुठे गळतंय ते सरकारला दिसेल. यात स्वार्थ कुठे आला? उलट तुम्ही लिहिलं नाही तर दुसरं कुणीतरी लिहील, तुमच्या माणसांच्या रक्ताच्या आकड्यांवर, त्यांना न विचारता. मी तेच केलं होतं.

तिसरी, हे फक्त मलाच जमतं. पावरी बोलणं, हो, आज तिथे तुम्हालाच जमतं. पण महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अडकलेला स्कॉलरशिपचा अर्ज पुढे सरकवणं विद्यार्थी विभागातल्या कुणालाही जमलं पाहिजे. वसतिगृह मिळालं नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेसाठी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात कुठे जायचं, हे सांगायला आदिवासी असावं लागत नाही. रात्री साडेनऊला क्वार्टरच्या दारात उभ्या मुलीला तुम्ही परत पाठवू शकत नाही, ते मला कळतं. पण ती मुलगी आणि स्कॉलरशिपचा फॉर्म ही दोन वेगळी कामं आहेत. एक तुमचं आहे, दुसरं कॉलेजचं.

आता राजीनामा. तुमच्यापुढे दोनच रस्ते आहेत असं पत्रावरून वाटतं, पण तसं नाही. राजीनामा दिला की मागची सेवा हातची जाते. पूर्वपरवानगीने दुसऱ्या सरकारी नोकरीत गेलात तर गोष्ट वेगळी. म्हणून सगळ्यात आधी हे पान बाजूला ठेवा. डोंगराची ओढ खरी असेल तर प्रतिनियुक्ती आहे, बदलीचा अर्ज आहे. नंदुरबारला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याहून जवळचा रस्ता तुमच्याच विभागात आहे. आपल्या विषयाच्या प्रत्येक विभागाला ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र असतं. त्या केंद्राची जबाबदारी लेखी मागा. एमबीबीएसच्या मुलांना २०२२ पासून कुटुंब दत्तक कार्यक्रम आहे, त्यासाठीची गावं निवडताना आदिवासी पाडे सुचवा. मग पाड्यावर जाणं ही रविवारची जादा धाव राहणार नाही. ते तुमच्या टाइमटेबलमधलं अध्यापन होईल.

आणि हे सगळं करूनही वर्षा-दोन वर्षांनी वाटलं की इथे श्वास कोंडतो, तर खुशाल जा. ते हरणं नाही. पण जाताना असोसिएट प्रोफेसर, म्हणजे सहयोगी प्राध्यापक होऊन जा. मग परत यायचं दार उघडं राहतं आणि कुठल्याही संस्थेत तुमच्या शब्दाला वेगळं वजन येतं.

बढतीचं गणित तुम्हाला माहीत आहे, इतर वाचकांसाठी सांगते. सहायक प्राध्यापकाला सहयोगी होण्यासाठी चार वर्षांचा अनुभव, मान्य सूचीतल्या नियतकालिकांत दोन शोधनिबंध, आणि वैद्यकीय शिक्षण तंत्र व बायोमेडिकल रिसर्च हे दोन मूलभूत अभ्यासक्रम लागतात. लेखकांच्या यादीत नाव कितवं आहे, हेही बघितलं जातं. शिबिरं यात कुठेच नाहीत. तुमचे दोन्ही अभ्यासक्रम झालेत का, ते पत्रात नाही. नसतील तर या सत्रात नाव नोंदवा. रिसर्चचा कोर्स ऑनलाइन आहे.

निबंधाचं काम असं धरा. आधी प्रश्न एका वाक्यात लिहा. मग कॉलेजच्या नीतिमत्ता समितीकडे अर्ज करा. जुन्या नोंदींवर काम असलं तरी परवानगी आधी घ्यायची, नंतर नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आदिवासी समाजावरच्या संशोधनाचा वेगळा विचार आहे: त्यांना लाभ होणार असेल तरच ते करावं, आणि व्यक्तीच्या संमतीबरोबर समाजालाही विचारात घ्यावं. हे तुम्ही इतर कुणापेक्षा नीट कराल. एकट्या बसू नका. चंद्रपूरला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र आहे, जबलपूरला आदिवासी आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना दोन परिच्छेदांचा ईमेल लिहा. सांख्यिकीसाठी तुमच्या विभागातला बायोस्टॅटचा माणूस पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. लेखकांचा क्रम काम सुरू होण्याआधी ठरवा आणि सगळ्यांना मेलवर पाठवा. हे बोलायला संकोच वाटतो, आपल्याकडे तर फारच. पण मागाहून होणाऱ्या कडवटपणापेक्षा हा संकोच बरा.

विभागप्रमुखांना एक पत्र द्या. तक्रारीचं नको, हिशेबाचं. गेल्या सहा वर्षांत किती शिबिरं, किती दिवस, किती समित्या, वॉर्डातून किती बोलावणी. आकडे बोलतात, तिथे स्वर चढवावा लागत नाही. खाली तीन मागण्या: शिबिरांची ड्युटी विभागात पाळीपाळीने लावावी, मला शिबिराला पाठवायचं तर लेखी आदेश निघावा, आणि आठवड्यातला एक अर्धा दिवस संशोधनासाठी मोकळा असावा. आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालात स्वयंमूल्यमापनाची जागा असते, ती आपण बहुतेक जण दोन ओळींत उरकतो. यंदा तसं करू नका.

आणि वॉर्डातलं बोलावणं. आजींचा प्रसंग एटकॉमच्या तासात घ्या. संवाद आणि नीती शिकवण्यासाठीच तो तास अभ्यासक्रमात आहे. मुलांना नाव न सांगता केसपेपर वाचून दाखवा, मग मोहाच्या फुलांचं वाक्य सांगा. जमलं तर त्याच भागातल्या एखाद्या आशाताईला बोलावून पावरीतली वीस वाक्यं रेसिडेंटना शिकवा: कुठे दुखतं, कधीपासून, ताप आहे का, काय खाल्लं. आशाताईला मानधन मिळेल असं बघा. दोन वर्षांनी याचाही निबंध होईल.

बैठकीतल्या त्या वाक्याबद्दल वेगळं बोलायला हवं. विभागप्रमुख तुमच्या वाईटावर आहेत असं मी म्हणणार नाही. मला त्यांचा स्वभाव माहीत नाही. बरेच लोक असं बोलून जातात आणि विसरतात. पण ऐकणारा विसरत नाही. तारीख, वेळ, शब्द, समोर कोण होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवायची सवय लावा. एकदा शांतपणे, एकटे असताना त्यांना सांगा: "सर, त्या दिवशीचं वाक्य मला लागलं." पुष्कळदा एवढ्यावर थांबतं. नाही थांबलं, वारंवार झालं, तर संस्थेतल्या मागासवर्गीय कक्षाच्या संपर्क अधिकाऱ्याकडे लेखी द्या. वर राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग आहे आणि अपमान जातीवरून, लोकांदेखत, जाणूनबुजून झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. कायद्याचं नाव काढायला माणसं कचरतात. पण २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत तडवी भिल्ल समाजातली एक निवासी डॉक्टर आपल्यातून गेली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या घरच्यांनी केला, प्रकरण न्यायालयात गेलं. तिच्या आईने आधी तक्रार केली होती असं त्या सांगत आल्या आहेत. त्यानंतर "जरा सहन करा" हा सल्ला मी कुणालाही देऊ शकत नाही. तुम्हाला किंवा तुमच्या दारात येणाऱ्या कुणा मुलीला मनावर फार ताण वाटला तर १४४१६ हा टेलीमानसचा क्रमांक आहे, दिवसरात्र चालू, मराठीतही.

एक विनंती माझ्या जागी बसलेल्यांना, म्हणजे विभागप्रमुख आणि अधिष्ठात्यांना. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या वैद्यकीय महाविद्यालयांना मान्यता देताना तिथल्या मूलनिवासी समाजांचं आरोग्य शिकवता का आणि त्या समाजांतले शिक्षक यावेत, टिकावेत म्हणून काय करता, हे मानकांतच विचारलं जातं. ऑकलंड विद्यापीठात माओरी विद्यार्थ्यांसाठीची प्रवेश योजना १९७२ पासून आहे आणि ती प्रवेशापाशी संपत नाही; शिकताना आधारही देते. आपल्याकडे जागा भरली की आरक्षणाच्या बिंदुनामावलीवर टिकमार्क होतो आणि विषय मिटतो. माणूस टिकला का, वर चढला का, हे कुणी विचारत नाही. निदान आपल्या विभागात तरी विचारा. शिबिरांची यादी काढा आणि त्यात एकच नाव कितीदा येतंय ते मोजा.

डॉक्टर, सगळं एकदम करू नका. या महिन्यात दोनच गोष्टी: सहा वर्षांच्या वह्या घरी आणून एका टेबलावर मांडायच्या आणि नीतिमत्ता समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख विचारायची. वडिलांना सुट्टीत कॉलेजात घेऊन या. व्याख्यानाच्या हॉलमध्ये शेवटच्या बाकावर बसवा आणि त्या दिवशी आजींची गोष्ट शिकवा.

आणि एक राहिलं. आजींना नेमकं काय झालं होतं, त्या बऱ्या होऊन घरी गेल्या का, हे पत्रात नाही. तेवढं मला कळवा.